सशाला भ्यावे कशाला?

ससा पाहून घाबरलेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे काय? १९७२ साली अमेरिकेत ‘नाइट ऑफ द लीपस’ नावाचा एक भयपट निघाला. लीपस म्हणजे लॅटिन भाषेत ससा. ॲरिझोना राज्यात सशांचा सुळसुळाट होतो. त्यांची वीण रोखण्यासाठी एका सशाला संप्रेरक टोचले जाते, तो निसटतो आणि मग अजस्र सशांच्या झुंडी गुरांवर व माणसांवर तुटून पडतात. शेवटी वीज सोडलेल्या आगगाडीच्या रुळांवर त्यांचा निकाल लागतो. ससे दिसायला इतके गोजिरवाणे, की या चित्रपटाची चेष्टाच अधिक झाली.

आपण चेष्टेऐवजी हिशोब करू. समजा, एक ससा ४० से.मी. लांब व २ कि.ग्रॅ. वजनाचा आहे. त्याचे प्रत्येक माप चौपट केले, तर लांबी १६० से.मी. होईल. आणि वजन? ‘८ कि.ग्रॅ.’ म्हणाल तर फसाल! लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही मापे चौपट झाली आहेत. म्हणून आकारमान ४ × ४ × ४, म्हणजे ६४ पट झाले, आणि वजन १२८ कि.ग्रॅ.

आता पायाचे हाड पाहा. ते किती भार पेलेल, हे त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. हे क्षेत्रफळ वाढले फक्त १६ पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर चौपट ताण आला. प्राण्यांच्या हाडांत काही ताकद राखीव असते. धावण्या-उडण्यात येणाऱ्या ताणाच्या साधारण दुपटीपासून चौपटीपर्यंत ती हाडे टिकतात. आमच्या सशाची ही सारी शिल्लक पहिल्याच उडीत खर्च झाली. तो उभा राहील कदाचित, पण उड्या मारीत माणसांचा पाठलाग करणे कठीणच.

गॅलिलिओने हे १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. तिप्पट लांबीच्या हाडाला तेच काम करायचे तर ते किती बेढब जाड व्हावे लागेल, याचे चित्रही त्याने दिले. हत्तीचे पाय खांबासारखे का, हे आता निराळे सांगायला नको.

निसर्गाने मोठा ससा करून पाहिला नाही असे नाही. भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटावर सापडलेल्या ‘नुरालागस रेक्स’ या लुप्त सशाचे वर्णन २०११ साली प्रसिद्ध झाले. वजनाचा अंदाज होता सुमारे १२ कि.ग्रॅ. पण त्याचा कणा ताठर होता. तो उड्या मारीत नसावा.

मग चित्रपटात ससे दौडले कसे? साधे पाळीव ससे खेळण्यांएवढ्या घरांतून व रस्त्यांवरून पळवले आणि ते मंदगतीने दाखवले. (माणसावर झडप घालताना मात्र सशाचे सोंग घेतलेला माणूसच असे!) ही मंदगती कशासाठी? ३० से.मी. उंचीवरून वस्तू पडायला पाव सेकंद लागतो. चौपट उंचीवरून, म्हणजे १२० से.मी.वरून, पडायला अर्धा सेकंद लागतो. उंची चौपट, तर वेळ दुप्पट. कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे दाखवतात. छोट्या सशाची उडी सेकंदाला ४८ चित्रे या वेगाने टिपली आणि २४ च्या वेगाने दाखवली, की पाव सेकंदाचे उतरणे अर्धा सेकंद चालते. आपले डोळे न कळत या वेळेवरूनच उंचीचा अंदाज बांधतात आणि ससा मोठा वाटू लागतो. माझ्या मते त्या चित्रपटातले सर्वांत खरे विज्ञान हेच!

आता एक गणित तुमच्यासाठी. पुलावरून कोसळणारी आगगाडी दाखवायची आहे. गाडी व पूल दोन्ही खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाएवढे लहान केले आहेत. कॅमेऱ्याने सेकंदाला किती चित्रे घ्यावीत? उत्तर शंभराच्या थोडे अलीकडे आले पाहिजे.