दुकानातल्या कामगाराच्या संसारासाठी

प्रश्न : आदिलाबादच्या कापड दुकानांतील कामगारांना तुटपुंज्या पगारात घर चालवावे लागते. त्यांना आधार कशाचा?

उत्तर : तेलंगणात लागू असलेल्या 1988 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दुकानातील काम दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांचे; आठवड्याची सुटी भरपगारी. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असल्यास कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो आणि कुटुंबालाही उपचार मिळतात. घरच्या एका आजारपणात सगळी बचत जाते, म्हणून या योजनेतली नोंदणी मोलाची. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या दुकान-कामगारांसाठी बसण्याची सोय केरळने 2018 मध्ये, तामिळनाडूने 2021 मध्ये सक्तीची केली. आदिलाबादेतही ती हवीच. लग्नसराईत पन्नास साड्या उलगडून पुन्हा घड्या घालणाऱ्या बाईचे पाय रात्री सुजलेले असतात. गिऱ्हाइकाने निदान दुकान बंद व्हायच्या वेळी नवा गठ्ठा काढायला लावू नये.