देवमाशाचे गान

आज हयात असलेल्या सर्व प्राण्यांत निळा देवमासा हा सर्वांत मोठा होय. त्याची लांबी ३० मीटरपर्यंत भरते. पाच हत्ती एकामागून एक उभे केले, तर तेवढी रांग होईल! नावात मासा असला, तरी देवमासा हा मासा नव्हे. त्यास कल्ले नसून फुप्फुसे असतात. मादी पिलास दूध पाजते. श्वास घेण्यासाठी त्यास पाण्यावर यावे लागते. त्या वेळी त्याच्या उच्छ्वासाचा उंच फवारा दुरूनही दिसतो.

देवमाशांच्या अनेक जातींपैकी हंपबॅक ही एक. बुडी मारताना तो पाठीस कुबडासारखा बाक देतो, म्हणून त्यास हे नाव पडले. त्याचे वल्ह्यांसारखे पर शरीराच्या सुमारे एकतृतीयांश लांबीचे असतात. कधी कधी तो आपला प्रचंड देह पाण्याबाहेर झोकून देतो आणि धाडकन खाली आदळतो. ते दृश्य पाहून दर्यावर्दीही थक्क होतात.

परंतु याहून नवल आहे ते त्याच्या आवाजाचे. समुद्रात दोनशे मीटर खाली सूर्यप्रकाश फारसा पोहोचत नाही. तेथे डोळ्यांचा काय उपयोग? ध्वनी मात्र पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. म्हणून देवमाशाचा सारा व्यवहार आवाजावर चालतो.

बर्म्यूडा बेटाजवळ फ्रँक वॉटलिंग्टन या अभियंत्याने समुद्रातील ध्वनी टिपले होते. कधी हंबरल्यासारखे, कधी दार करकरल्यासारखे, तर कधी बारीक किंकाळीसारखे ते आवाज होते. रॉजर पेन व स्कॉट मॅक्व्हे यांनी ते बारकाईने तपासले आणि १९७१ मध्ये जगास सांगितले, की हा नुसता गोंगाट नव्हे. हे गान आहे! त्यात ठरावीक क्रमाने कडवी येतात. गाणारा नर असतो. एका दिंडीतील वारकऱ्यांनी एकच अभंग म्हणावा, त्याप्रमाणे एका भागातील सारे नर एकच गाणे गातात आणि ते गाणे हळूहळू बदलतही जाते.

तेल व मांस यांच्या लोभाने माणसाने लाखो देवमासे मारले होते. १९७० साली या गाण्याची ध्वनिमुद्रिका निघाली. ती ऐकून अनेकांची मने हेलावली. देवमासे वाचविण्याची चळवळ जोर धरू लागली. अखेर १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला. तो १९८६ पासून अमलात आला. काही देशांनी तो मानला नाही. तरीही अनेक ठिकाणी हंपबॅकची संख्या पुन्हा वाढली.

आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक बारमाही राहतात; मात्र ते फार थोडे उरले आहेत. आता भाल्याची भीती कमी झाली, पण जहाजांच्या यंत्रांची घरघर वाढली आहे. तिच्यात देवमाशांची हाक बुडून जाते. ज्याचे जगणे आवाजावर अवलंबून आहे, त्याच्या घरात थोडी शांतता राखणे हे माणसाचे कर्तव्य नव्हे काय?

स्वाध्याय
१. देवमाशास मासा का म्हणता येत नाही?
२. देवमाशास डोळ्यांपेक्षा आवाज अधिक उपयोगी का पडतो?
३. शिकार कमी झाली, तरी देवमाशांवर कोणते नवे संकट आले आहे?