पिंजऱ्यातील कोरोना आणि माणसाची जबाबदारी

कोरोनाच्या साथीची आठवण निघाली की आपणांस आपली गेलेली माणसे आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात त्या दोन वर्षांत न हादरलेले घर क्वचितच सापडेल. परंतु त्याच काळात हा आजार प्राण्यांनाही झाला. प्राणिसंग्रहालयांत तर तो बहुधा माणसांकडूनच पोहोचला. इतिहासाचे शिक्षक या नात्याने हा धडा वर्गाबाहेरही सांगावा असे आम्हांस वाटते.

1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा आधी उंदीर मेले आणि मागोमाग माणसे दगावू लागली. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवून दिले. तेव्हापासून रोगाचा प्रवास प्राण्याकडून माणसाकडे होतो, एवढेच आपल्या मनावर ठसले. कोरोनाने या प्रवासाची दुसरी दिशाही दाखवली. या विषाणूचे जवळचे नातलग वटवाघळांत आढळतात हे खरे. पण माणसांत पसरल्यानंतर तो आपल्यामार्फत इतर प्राण्यांपर्यंत गेला.

एप्रिल 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील नादिया या वाघिणीला संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. लगेच आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने देशभरातील प्राणिसंग्रहालयांना सावधगिरीचा आदेश दिला. तरीही मे 2021 मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील 8 आशियाई सिंह बाधित आढळले. त्यांच्या नाकातून स्राव वाहत होता, भूक मंदावली होती. ते बरे झाले. चेन्नईजवळच्या वंडलूर येथे मात्र 3 जून 2021 रोजी नीला ही 9 वर्षांची सिंहीण दगावली. तेथील सिंहांच्या नमुन्यांत डेल्टा हा विषाणूचा प्रकार सापडला. त्या दिवसांत आपल्या रुग्णालयांतही तोच थैमान घालत होता.

असे का घडले? आपल्या पेशींवर एसीई-2 नावाचे एक प्रथिन असते. त्याला चिकटून हा विषाणू पेशीत शिरतो. मांजर, सिंह, वाघ, मिंक, हरीण यांच्या पेशींवरील हे प्रथिन आपल्या प्रथिनाशी पुष्कळसे जुळते. शिवाय लक्षणे नसलेला माणूसही संसर्ग देऊ शकतो. आजारी माणसापासून दूर जाण्याची सोय पिंजऱ्यातल्या सिंहाला नसते. तो खातो ते दुसऱ्याच्या हातचे आणि राहतो तो दुसऱ्याच्या कुलपात.

येथे दोष पिंजरा झाडणाऱ्या आणि मांस आणून देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. ते अन्यायाचे होईल. टाळेबंदीत घरी बसण्याची मुभा नसलेले हे श्रमिक होते. त्यांना वेळेवर मुखपट्टी, हातमोजे, चाचणी, लस आणि आजारपणाची भरपगारी रजा मिळाली, तरच सिंह सुरक्षित राहतो. सफाई करणाऱ्या हातांचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

संसर्ग पिंजऱ्यापुरता राहिला नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यात मृत सापडलेल्या रानातल्या बिबट्याच्या बछड्यात डेल्टा विषाणू आढळला. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांतही संसर्ग पसरला. आपल्याला हे दूरचे वाटू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे येऊरचे रान ठाणे शहराला लागून आहे, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये कल्याण पूर्वेतील चिंचपाड्यात बिबट्या थेट इमारतीत शिरला होता. माणूस आणि रान यांच्यामधील भिंत इतकी पातळ आहे.

एका ऋणाचा उल्लेखही आवश्यक आहे. 2020 मध्ये कोव्हॅक्सिन लशीच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ऱ्हिसस जातीच्या 20 माकडांवर प्रयोग केला. लस टोचून नंतर त्यांना मुद्दाम संसर्ग देण्यात आला. ज्यांना खरी लस दिली नव्हती, त्यांना न्यूमोनिया झाला. लस दिलेली त्यापासून बचावली. प्राणिमात्रांच्या हिंसेपासून दूर राहण्याचे शील रोज ग्रहण करणाऱ्या आम्हांला हा प्रसंग अस्वस्थ करतो. त्या लशीने माणसांचे प्राण वाचले, हेही आम्ही नाकारत नाही. दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांपुढे प्रामाणिकपणे ठेवाव्यात, असे आमचे मत आहे.

मग करावयाचे काय? ताप-खोकला असताना पाळीव कुत्र्या-मांजरांपासून दूर राहावे. त्यांची काळजी घरातील निरोगी व्यक्तीने घ्यावी. भीतीपोटी त्यांना रस्त्यावर सोडू नये. येऊरला गेल्यावर माकडांना खाऊ घालू नये, कचरा टाकू नये. वटवाघळांची झाडे तोडू नयेत. ती फळझाडांचे परागीकरण करतात, बी दूरवर पसरवतात. एखाद्या जीवाला अथवा समूहाला रोगाचे कारण ठरवून वाळीत टाकण्याची रीत आपल्या पूर्वजांनी सोसली आहे. ती आपल्या हातून घडू नये.

निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, वसतिगृहातील मुलाचे आरोग्य स्वयंपाकघरातल्या, पाण्याच्या टाकीवरच्या आणि दाराशी बसलेल्या माणसाच्या आरोग्यावर अवलंबून असते. ज्याच्या हाती दुसऱ्याच्या दाराची किल्ली आहे, त्याने आधी स्वतःची तपासणी करावी, आणि त्याला नेमणाऱ्यांनी त्याची काळजी घ्यावी. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी परिचारिका आहेत, कुणी सफाई खात्यात, कुणी शिक्षक. पुढची साथ येईल तेव्हा आपापल्या ठिकाणी एवढे पाळले, तर या धड्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.