समोरच्या गाडीचा विमा नसेल तर? वर्गातल्या एका वहीवरून सुचलेला पाठ



वाहतुकीचे नियम आपण परिसर अभ्यासात शिकवतो. लाल दिवा, हिरवा दिवा, झेब्रा क्रॉसिंग. पण ठोकर बसल्यावर पुढं काय करायचं, हे पुस्तकात नाही. आपल्या भिवंडीत तर अंजूरफाटा, मानकोली, कल्याण नाका अशा ठिकाणी कंटेनर आणि टेम्पोंच्या रांगेतूनच मुलांना ने-आण करावी लागते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांच्या जुन्या कारला मागून टेम्पोने ठोकलं. खांद्याचं हाड मोडलं, गाडीची मागची बाजू आत गेली. टेम्पोवाला म्हणाला, "दादा, पोलीस कशाला, आपसात मिटवू." पाच हजार रुपये हातात ठेवले आणि निघून गेला. मुलीनं मात्र टेम्पोचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. पुढचं सगळं त्या एका ओळीमुळे झालं.

नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला तर विम्याची मुदत आठ महिन्यांपूर्वीच संपलेली. वडिलांचा स्वतःचा विमाही फक्त थर्ड पार्टी. हा फरक नीट समजून घ्या. थर्ड पार्टी विमा आपल्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्यासाठी असतो, आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी नाही. फुल इन्शुरन्स असता तर समोरच्याचा विमा असो वा नसो, गाडीचा खर्च आपल्या कंपनीकडून मिळाला असता आणि त्याच्याकडून वसुली करणं कंपनीनं पाहिलं असतं.

मग पैसे बुडाले का? तर नाही. विमा नाही म्हणून जबाबदारी संपत नाही, ती थेट गाडीच्या मालकावर येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण तो दंड सरकारजमा होतो, आपल्या हाती काही येत नाही. आपली भरपाई मागायची मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, आपल्यासाठी ते ठाण्याला. अपघात जिथे झाला, आपण जिथे राहतो किंवा समोरचा जिथे राहतो, यांपैकी कुठल्याही ठिकाणी अर्ज चालतो. औषधोपचार, बुडालेली मजुरी, गाडीची दुरुस्ती, सगळं त्यात मागता येतं. म्हणून बिलं फेकू नका, गॅरेजचंसुद्धा.

या प्रकरणात आणखी एक गाठ निघाली. आरसीवर ज्याचं नाव, तो म्हणे, "मी टेम्पो केव्हाच विकला." आपल्याकडे असे व्यवहार कागद न बदलता सर्रास होतात. पण नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक म्हणून जबाबदार. (आपली जुनी बाईक भाच्याला दिलेल्यांनी हे वाक्य परत वाचावं!)

सगळ्यात मोठी चूक झाली ती चार दिवस पोलिसांत न जाण्याची. त्याच वर्षी उषा देवी विरुद्ध पवन कुमार प्रकरणात न्यायालयानं राज्यांना असे नियम करायला सांगितले, की अपघातातली बिनविम्याची गाडी पुरेसं तारण भरल्याशिवाय सोडायची नाही, आणि तीन महिन्यांत ते भरलं नाही तर लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा करायची. गरीब माणसाच्या हातात हीच खरी पकड. तक्रारच नसेल तर गाडी अडवणार कोण? तोवर टेम्पो कुठल्या कुठे गेलेला असतो.

उपचारासाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. गाडी बिनविम्याची असली तरी चालते. दाखल होतानाच विचारा.

कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख मिळू शकतात. हाड मोडणं गंभीर दुखापतीत येतं. मात्र ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपू शकतो, तेव्हा वकिलाला विचारूनच सही करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कारखान्यातले कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ती मुदत सर्वोच्च न्यायालयात वादात आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

आदेश झाल्यावरही मालक पैसे देत नसेल तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. मात्र मालकाच्या नावावर काहीच नसेल तर हातात फक्त कागद उरतो, हेही खरं.

मी वर्गात गृहपाठ दिला: घरच्या गाडीच्या विम्याची शेवटची तारीख लिहून आणा. तिघांच्या घरी मुदत संपलेली निघाली. एका वडिलांचा त्याच संध्याकाळी फोन आला, "मॅडम, भरला बरं का." आणि त्या मुलीच्या वडिलांची पुढची तारीख ठाण्याला लागली आहे. वहीचं ते पान त्यांनी जपून ठेवलंय.