शोकाच्या दिवसांत लाठी धरताना

पोरी, तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. अवघड दिवस येतात ते पाहुणे परतल्यावर, आणि त्यातही संध्याकाळी. ती वेळ तालमीला दे. मर्दानी खेळानं दुःख जात नाही. पण समोरून वार येत असताना मन मागं रेंगाळू शकत नाही, आणि तेवढ्या तासाभराच्या सुटकेवर माणूस पुढचा दिवस काढतो. म्हणून कोल्हापूरच्या आखाड्यांतल्या चार गोष्टी सांगतो, ध्यानात ठेव.

सुरुवात लाठीनं कर. आपल्या कानाला लागेल एवढी भरीव वेळूची लाठी घे. आधी ती फिरवायची नाही, नुसते पवित्रे घ्यायचे. गुडघे जरा वाकलेले, भार दोन्ही पायांवर, नजर समोर. शोकात खांदे पडतात, श्वास छातीत अडकतो. पवित्र्यात नीट उभं राहिलं की पाठ सरळ होते, श्वास पोटापर्यंत जातो.

एकटी खेळू नकोस. एकट्यानं फिरवताना हात सवयीनं चालतो आणि मन घरी जाऊन बसतं. त्यापेक्षा फरी-गदगा बरा. चामड्याची ढाल आणि चामड्यानं मढवलेली काठी. वार डोक्यावर येणार की कमरेवर, हे जोडीदाराच्या खांद्यावरून ओळखायचं आणि फरी पुढं करायची. त्याला घरचं काही सांगावं लागत नाही, तोही विचारत नाही. सलामी देऊन सुरू करायचं, सलामी देऊनच थांबायचं. मनात राग दाटला असेल त्या दिवशी मात्र जोडी नको, चारी दिशांना मोकळी लाठी फिरव.

दांडपट्ट्याची घाई करू नकोस. 2024 साली महाराष्ट्रानं त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हापासून नव्या पोरांना आधी तोच हवा असतो. त्याच्या लोखंडी खोबळ्यात हात कोपराजवळपर्यंत जातो, मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो, आणि पातं लवचीक असल्यानं चुकला तर आपल्याच अंगावर येतो. रात्रभर जागलेल्यानं त्याला हात लावू नये. तळहातावरचं लिंबू कापणं तर फार पुढचं. पट्टा पुसायचं काम मात्र आजपासून तुझं. तेलाचा बोळा मुठीकडून टोकाकडं सावकाश न्यायचा, गंजाचा ठिपका दिसला तिथं थांबून घासायचं. झोप येत नसेल तेव्हा हाताला असं काम लागतं.

रडू आलं तर हत्यार खाली ठेव, कडेला बस, पोटभर रड. आखाड्यात त्याची लाज कुणी धरत नाही. फक्त भरल्या डोळ्यांनी वार अडवायला जाऊ नकोस.

पुढं कधीतरी खेळता खेळता हसशील आणि लगेच अपराधी वाटेल. त्या दिवशी एखाद्या लहान पोरीला पहिला पवित्रा शिकव. वडिलांनी तुला हात धरून जे जे शिकवलं, ते असंच तर तुझ्याकडं आलं.

उद्या सहाला ये. केस घट्ट बांध, काहीतरी खाऊन ये. पहिले पवित्रे मी करून घेतो.