चुन्याखालचे घर

वाटूरच्या गावठाणातील जे माळवदी घर मी खरेदी केले, त्याच्या भिंतींना चुना आणि तुळयांना तेलरंग हे दोन्ही सौदा ठरण्याच्या ऐन तोंडावर उरकण्यात आले होते, ही वार्ता शेजाऱ्यांनी मला खरेदीखताची नोंद झाल्यावर दिली. विक्रेत्या गृहस्थांचे नाव मी घेत नाही. फाट्यावर चहा पिणाऱ्यांना ते न सांगताही कळेल.

मधल्या खणात पाळण्याची कडी बसवावी म्हणून सुताराने तुळईला गिरमिट लावले, तो दोन फेऱ्यांतच ते पिठाच्या डब्यात बोट जावे तसे आत गेले आणि त्या छिद्रातून मातकट भुसा त्याच्या पागोट्यावर गळू लागला. त्याने पटाशीने रंग खरवडला. नखाएवढ्या जाडीच्या लाकडाखाली वाळवीची घरेच घरे होती. "मालक, ह्या तुळईला रंगानंच धरलंय," तो म्हणाला. घर पाहावयास आम्ही गेलो तेव्हा नेमक्या ह्याच खणाखाली तुरीची पोती आढ्यापर्यंत रचलेली होती, आणि ती हलविण्याची विनंती केली असता "माल मोजून ठेवलाय" असे उत्तर मिळाले होते. जाब विचारताच हेच सद्गृहस्थ उद्गारले, "आमच्या चार पिढ्या ह्याच घरात नांदल्या, तुम्हालाच बरी वाळवी दिसली!" खरेदीदारास साधारण सावधगिरीने न दिसणारा आणि विक्रेत्यास ठाऊक असलेला मोठा दोष विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम सांगते, तेव्हा पोत्यांआडची तुळई न दिसल्याचा ठपका माझ्यावर ठेवणाऱ्या आप्तेष्टांनी ते एकदा वाचावे.

जुने घर घेणाऱ्याने प्रथम माळवदावर चढावे. दर मृगापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर चढतो, जुना मात्र कोणी उतरवीत नाही, आणि अशा रीतीने जाडी दोन फुटांवर जाते. दहा बाय बाराच्या खोलीवर ही माती सुकी असतानाच दहा टनांहून अधिक भरते, पावसात भिजली म्हणजे त्याहूनही जड होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात असलीच जड माळवदे आणि दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या भिंतींत दर्शनी दगडांच्या दोन थरांमध्ये नुसता भराव असतो आणि दोहोंना बांधणारे आरपार दगड क्वचितच असतात. म्हणून भिंतीला पोट सुटले आहे काय, हे ओळंबा सोडून पाहावे, डोळ्यांवर विसंबू नये. प्रत्येक तुळईला भिंतीत शिरते त्या टोकाशी हातोडीने ठोकावे: निकोप सागवान खणखणते, पोखरलेले भद्द वाजते. पोती हलवीत नसतील तर इसारा देऊ नये.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पायाला हलविते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग बुजविलेली दिसली तर ती पुन्हा उघडणार असे धरून चालावे. मातीच्या भिंतीला खालून दोन हात सिमेंटचा गिलावा दिलेला असल्यास ओल झाकण्यासाठीच तो दिला आहे, असा माझा तरी आता ग्रह आहे. जाणत्याचा सल्ला घ्यावा, घाई करू नये, हे तर कोणीही सांगेल. नमुना नंबर आठचा उतारा, वारसांची संमती, घरपट्टीची बेबाकी हेही पाहावेच.

पण सर्वांत मुख्य म्हणजे घर एकदा भर पावसात पाहावे. शेजारच्या माळवदाची पन्हाळ माझ्या पश्चिमेच्या भिंतीवर सुटते, हे चतुःसीमेच्या एकाही ओळीत नमूद नव्हते आणि वैशाखात ती पन्हाळ कोरडी होती. याबद्दल विचारले तेव्हा विक्रेते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पाऊस काय मी पाडतो?"