पंपावरचा लिटर किती खरा?

प्रश्न : पेट्रोल पंपावरचं मशीन आकडा दाखवतं तेवढंच पेट्रोल गाडीत पडतं, याची खात्री कोण करतं? आणि 100 ऐवजी 110 रुपयांचं भरलं तर फायदा होतो म्हणतात, ते खरं का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. मीटरला रुपये कळतच नाहीत. पेट्रोलच्या दाबाने त्यातले दट्टे सरकतात आणि दर फेरीला ठरावीक पेट्रोल पुढे जातं. पल्सर त्या फेऱ्यांचे विजेचे स्पंद करतो, मशीन ते मोजून भावाने गुणतं. मीटर कमी देत असेल तर 110 रुपयांनाही त्याच प्रमाणात कमी देईल.

मेख आहे ती एका स्पंदाला किती मिलिलिटर धरायचे यात. दट्ट्यांच्या कडा झिजल्या की थोडं पेट्रोल न मोजताच निसटतं. म्हणजे नुसत्या झिजेने बहुधा पंपमालकाचंच नुकसान होतं! म्हणून चांगल्या पंपावर रोज सकाळी विक्रीआधी माप घेतात.

सरकारी तपासणी वैध मापन शास्त्र विभागाचा निरीक्षक वर्षातून एकदा करतो. त्याचं साधन साधं, पण हुशारीचं : अरुंद गळ्याचं पाच लिटरचं माप. गळा अरुंद असल्याने थोडा फरकही ठळक दिसतो. माप आधी पेट्रोलने ओलं करून निथळू देतात, नाहीतर आतल्या पत्र्याला चिकटलेलं पेट्रोल हिशेबात कमी भरतं. मग नोझल पूर्ण दाबून आणि हळू सोडून, दोन्ही वेगांना बघतात. पाच लिटरमागे 25 मिलिलिटर कमी-जास्त चालतं. त्याबाहेर गेलं तर मीटर जुळवून पुन्हा शिशाचं सील ठोकतात.

उन्हाचंही भान लागतं. पेट्रोल एका अंश सेल्सियसला साधारण 0.12 टक्के फुगतं. माप चार अंश तापलं तर पाच लिटरमागे सुमारे 24 मिलिलिटर वाढतात, जवळजवळ सगळी सूट तिथेच संपते. त्यामुळे माप भरल्याबरोबर वाचायला हवं, तेही सपाट जागी ठेवून, नजर रेषेच्या पातळीवर आणून.

हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर समोर मोजून दाखवावं लागतं. शंका आली तर संकोच न करता मागा. मापावर विभागाचा शिक्का आहे ना, तेवढं आधी पाहा. मोजलेलं पेट्रोल पुन्हा टाकीत ओततात, त्याचे पैसे तुम्हाला पडत नाहीत.